वेताळाचा रंग आणि नागराजचा जन्म

नाशिकमधल्या अंबडच्या औद्योगिक वसाहतीत मी इन्स्पेक्शनचं काम करतो. ड्रॉइंगवरचं माप आणि हातातला पार्ट जुळतो की नाही ते बघायचं, जुळत नसेल तर लाल टॅग लावून बाजूला ठेवायचा. कॉमिक्सचा नाद त्याच्याही आधीचा. इंद्रजाल कॉमिक्समधला वेताळ, म्हणजे इंग्रजीतला फँटम, मराठीत वाचतच मी वाचनात पक्का झालो. पुढे उत्तर प्रदेश-बिहारकडची पोरं वसाहतीत कामाला आली आणि त्यांच्या पिशव्यांतून नागराज, ध्रुव, भोकाल हे हिंदी गडी माझ्यापर्यंत पोहोचले. नोकरीची सवय वाचनातही उतरली. कुठल्या अंकात काय सांगितलं होतं आणि पुढच्या अंकात त्याच्या उलट काय आलं, हे मी एका वहीत लिहीत आलो. त्या वहीनं मला जे शिकवलं ते इथे मांडतो. या विसंगतींना मी पोरखेळ मानत नाही. एखादी गोष्ट पन्नास-साठ वर्षं, अनेकांच्या हातून, अनेक भाषांत चालू राहते तेव्हा तिचं काय होतं, हे त्यांतूनच कळतं.

१. आधी गोष्ट वाचावी, मग तपासावी

पहिल्याच वाचनात पेन्सिल घेऊन बसलं की गोष्ट हाती लागत नाही, फक्त यादी हाती लागते. मी पहिल्यांदा कॉमिक्स एका बैठकीत संपवतो. ज्या ठिकाणी वाचताना आपोआप अडखळायला होतं, तेवढीच जागा दुसऱ्या वाचनात तपासायची. जी विसंगती वाचकाला अडवत नाही, तिची नोंद ठेवावी, पण तिच्यावरून गोष्टीला नापास करू नये.

२. चूक कुणाच्या टेबलावर झाली ते शोधावं

कारखान्यात पार्ट नापास झाला की ऑपरेटरकडे बोट दाखवणं सगळ्यांत सोपं. पण कधी मशीनवर लावलेलं ड्रॉइंगच जुन्या रिव्हिजनचं असतं, कधी कच्चा माल वेगळा आलेला असतो, कधी गेज झिजलेला असतो. कॉमिक्सलाही असेच बरेच हात लागतात. लेखक, पेन्सिलनं काढणारा, शाईनं गिरवणारा, रंग भरणारा, अक्षरं लिहिणारा, छापणारा; आणि परदेशी गोष्ट असेल तर अनुवाद करणारा आणि इथला संपादक. सगळ्यांचा राग लेखकावर काढणं बरोबर नाही.

वेताळाच्या पोशाखाचंच बघा. ली फॉक यांनी १७ फेब्रुवारी १९३६ रोजी अमेरिकेतल्या वर्तमानपत्रात वेताळ आणला तेव्हा पट्टी काळ्या-पांढऱ्या रंगात छापली जायची आणि फॉक यांच्या मनातला पोशाख राखाडी होता. १९३९ मध्ये रविवारचं रंगीत पान सुरू झालं आणि तिथे वेताळ जांभळा छापला गेला. स्कँडिनेव्हियात तो निळा झाला, इटलीत लाल. आपल्याकडे इंद्रजालच्या सुरुवातीच्या अंकांत तो निळा होता, पुढे जांभळा झाला. यात लेखकाचा हात कुठेच नाही. मार्व्हलचा हल्कसुद्धा १९६२ च्या पहिल्या अंकात राखाडी होता. छपाईत तो राखाडी रंग पानोपानी सारखा उतरेना, म्हणून दुसऱ्या अंकापासून हल्क हिरवा झाला आणि आता हिरव्या रंगाशिवाय तो कुणाला आठवतही नाही.

इंद्रजालची गोष्ट याहून गुंतागुंतीची आहे. टाइम्स ऑफ इंडियाच्या बेनेट कोलमन कंपनीनं मार्च १९६४ मध्ये मुंबईतून हे कॉमिक्स सुरू केलं. पुढे अमर चित्रकथा काढणारे अनंत पै तेव्हा टाइम्समध्येच होते. मूळ पट्टीत वेताळाचा देश सुरुवातीला आशियात, आपल्याच आसपास कुठेतरी दाखवलेला होता आणि त्याचं नावही 'बंगाली' असं होतं. कालांतरानं तो देश आफ्रिकेत सरकला. जंगल तेच, कवटीची गुहा तीच, खंड मात्र बदललेला. भारतीय आवृत्तीनं यात आणखी एक बदल केला आणि देशाचं नाव डेंकाली ठेवलं. मूळ गोष्टीत वेताळाच्या घराण्याचे वैरी 'सिंग' टोळीचे चाचे आहेत. ते इथे 'सिंगा' झाले. वेताळाच्या वडिलांचा खून करणाऱ्याचं मूळ नाव 'रामा'. ते इथे 'रामालु' झालं. भारतीय वाचकाला आपल्यातलाच कुणी खलनायक म्हणून दिसू नये, ही काळजी त्यामागे उघड दिसते. ज्यानं इंग्रजी पट्टी आणि मराठी इंद्रजाल दोन्ही वाचलं त्याला ही नावं चुकल्यासारखी वाटतात. पण तो संपादकानं विचार करून घेतलेला निर्णय आहे, आणि माझ्या मते योग्य निर्णय आहे.

त्यात पानांची मर्यादा. वर्तमानपत्रात कित्येक आठवडे चाललेली पट्टी एका अंकात बसवायची म्हणजे चौकटी कापाव्या लागत, काही गाळाव्या लागत. मग एका चौकटीत माणूस होडीत बसलेला आणि पुढच्या चौकटीत घोड्यावर, असं झालं की मधली चौकट मूळ पट्टीत आहे का, ते आधी बघायचं.

३. नावाच्या चुकीवर रुसू नये

स्टॅन ली एकाच वेळी अनेक मासिकांच्या गोष्टी लिहीत. त्या घाईत १९६३ मध्ये स्पायडरमॅनच्या स्वतंत्र मासिकाच्या पहिल्याच अंकात पीटर पार्करचा पीटर पामर झाला. पुढच्या वर्षी हल्क होणाऱ्या ब्रूस बॅनरचा बॉब बॅनर झाला. वाचकांनी पत्रं पाठवली तेव्हा उत्तर निघालं की त्याचं पूर्ण नाव रॉबर्ट ब्रूस बॅनर आहे. ते नाव आजतागायत टिकलं. मार्व्हलनं पुढे एक प्रथाच पाडली: नुसती चूक दाखवणाऱ्यापेक्षा ती चूक का नाही हे पटवून देणाऱ्या वाचकाला एक पाकीट पाठवायचं, ज्यात बक्षीस काहीच नाही. ही प्रथा मला फार मोलाची वाटते. तिनं वाचकाला तक्रारदाराच्या जागेवरून उठवून गोष्टीचा भागीदार केलं. रिकामं पाकीट मिळावं म्हणून मुलं रात्र-रात्र डोकं चालवत होती, यापेक्षा गोष्टीवरचं प्रेम वेगळं काय असतं?

४. लेखकाचा विचार मध्येच बदलतो, तो बदल सहन करावा

वेताळाच्या पहिल्या गोष्टीत जिमी वेल्स नावाचा एक श्रीमंत, ऐषआरामी तरुण आहे. तोच रात्री मुखवटा घालून वेताळ होतो, असं फॉक यांच्या डोक्यात होतं. गोष्ट चालू असतानाच त्यांनी विचार बदलला आणि पिढ्यान्‌पिढ्यांच्या वेताळाची कल्पना आणली. जिमी वेल्स तिथेच मागे पडला. पहिली प्रकरणं आज वाचली की तो उगाच आल्यासारखा दिसतो. फॉक पहिल्या विचाराला चिकटून बसले असते तर आणखी एक श्रीमंत मुखवटेवाला मिळाला असता आणि वेताळ मिळाला नसता.

५. काळाचा हिशेब मांडावा, पण वर्षं मोजून भांडू नये

वेताळाच्या आख्यायिकेत पहिला वेताळ १५३६ मधला. पट्टी सुरू झाली १९३६ मध्ये, आणि गोष्टीतला वेताळ एकविसावा. म्हणजे त्याच्या आधीच्या वीस जणांना मिळून चारशे वर्षं, सरासरी प्रत्येकी वीस. जंगलात चाच्यांशी लढणाऱ्या माणसासाठी हा हिशेब पटण्यासारखा आहे. अडचण त्यानंतर येते. एकविसाव्यानं डायना पामरशी लग्न केलं ते १९७७ च्या अखेरीस. जादूगार मँड्रेक आणि त्याचा साथीदार लोथारही त्या लग्नाला आले होते. १९७९ मध्ये जुळी मुलं झाली. फॉक यांचं १९९९ मध्ये निधन झालं. पट्टी सुरू होऊन नव्वद वर्षं होत आली आणि वेताळ अजून एकविसावाच, वयानंही तेवढाच.

या हिशेबावर मी बराच विचार केला. जंगलातल्या लोकांची समजूत अशी की चारशे वर्षं हा एकच माणूस आहे आणि त्याला मरण नाही. खरी गोष्ट फक्त वाचकाला ठाऊक: बाप जातो, मुलगा मुखवटा चढवतो. आज मात्र माझ्या वडिलांनी वाचला तोच एकविसावा मी वाचला आणि माझ्या मुलीनंही तोच वाचला. म्हणजे आम्हीही त्या जंगलातलेच झालो. फॉक यांनी न म्हाताऱ्या होणाऱ्या नायकाचं कोडं गोष्टीच्या पोटातच सोडवून ठेवलं होतं. पट्टी इतकी वर्षं चालली म्हणून ते कोडं पुन्हा उभं राहिलं. माझ्या वहीत या विसंगतीपुढे लाल खूण नाही.

६. नायक कुणाच्या पोटी जन्मला, हे बदलताना गोष्टीचा कणा मोडत नाही ना, ते बघावं

इथे मला थांबून सांगायचं आहे, कारण वहीतली सगळ्यात जास्त पानं यावर आहेत.

नागराजचा पहिला अंक १९८६ चा, राज कॉमिक्सचा. लेखन परशुराम शर्मा यांचं, चित्रं पुण्याच्या प्रताप मुळीक यांची. त्या गोष्टीत नागराज हा प्रोफेसर नागमणीनं तयार केलेलं एक शस्त्र आहे. शरीरात विष, हुकूम पाळणारं मन, आणि जगभरच्या दहशतवाद्यांना भाड्यानं द्यायची तयारी. त्याची पहिली कामगिरी म्हणजे जंगलातल्या मंदिरातून सोन्याची मूर्ती पळवणं. तिथे त्याची गाठ बाबा गोरखनाथांशी पडते. गोरखनाथ त्याच्या डोक्यातली नियंत्रण करणारी कॅप्सूल काढून टाकतात आणि शस्त्राचा माणूस होतो. मग तो ठरवतो की ज्यांच्यासाठी आपल्याला बनवलं, त्यांच्याच विरुद्ध उभं राहायचं.

गोरखनाथांचं नाव नाशिककराला परकं नाही. गोरक्षनाथांचे शिष्य गहिनीनाथ, आणि गहिनीनाथांनी निवृत्तिनाथांना त्र्यंबकच्या ब्रह्मगिरीत उपदेश केला, ही परंपरा आपल्याकडे घरोघर सांगतात. त्या नाथांच्या हातून एका सुपरहिरोची सुटका होते, हे मला वाचताना फार जवळचं वाटलं. या परंपरेतल्या कथाही एकमेकींशी शतकांचा हिशेब जुळवत बसत नाहीत.

पुढे नव्वदच्या दशकात नागराजची सूत्रं अनुपम सिन्हांकडे आली आणि 'खजाना' या मालिकेत त्याचा जन्म नव्यानं सांगितला गेला. आता तो राजा तक्षकराज आणि राणी ललिता यांचा मुलगा. गादीवर डोळा असलेला दुष्ट काका नागपाशा. शक्ती मिळाली ती देव कालजयीकडून. नागमणीची प्रयोगशाळा गोष्टीत राहिली, पण शक्तीचं मूळ तिथून उठून राजवाड्यात गेलं. चित्रंही बदलली. मुळीकांचा नागराज देहानं भरीव, अमर चित्रकथेतल्या योद्ध्यासारखा; सिन्हांच्या नागराजच्या अंगावर खवले उठून दिसू लागले आणि हालचाल वेगवान झाली. सिन्हांची चित्रं आणि रचना मला आवडतात. त्यांनी नागराजला शहर दिलं, घर दिलं, माणसं दिली. महानगरात 'राज' नावानं नोकरी करणारा नागराज त्यांच्यामुळेच आला. जन्माच्या बदलाबद्दल मात्र माझं मत वेगळं आहे.

आमच्या लाइनवरचा एक तरुण ऑपरेटर एकदा जेवणाच्या सुट्टीत म्हणाला, "काका, राजाचा पोरगा होता म्हणूनच तो सुधारला ना?" त्या प्रश्नानं मी अस्वस्थ झालो. पहिल्या अंकात असा प्रश्न विचारायला जागाच नव्हती. तिथे नागराजला आई-बाप नाहीत, कुळ नाही, दुसऱ्यानं दुसऱ्याच्या कामासाठी घडवलेला तो एक देह आहे. तरीही मन मोकळं होताच तो भल्याच्या बाजूला जातो. धुळ्या-जळगावहून, मराठवाड्यातून, गोरखपूर-छपऱ्याहून अंबडला येऊन दुसऱ्याच्या मशीनवर उभ्या राहणाऱ्या पोरांसाठी ही गोष्ट किती मोठी आहे! चांगुलपणा रक्तातून यावा लागत नाही, एवढं ती सांगत होती. राजवंश जोडला आणि ते सांगणं फिकं पडलं.

टाकलेलं मूल पुढे राजघराण्याचं निघतं, हा आपल्या कथांचा जुना ओढा आहे. पण महाभारतानं कर्णाच्या बाबतीत काय केलं ते बघा. कृष्ण आणि कुंती येऊन जन्म सांगतात, राज्य हाताशी येतं, आणि कर्ण अधिरथ-राधेचं ऋण आणि दुर्योधनाला दिलेला शब्द सोडत नाही. जन्म कळल्यानं त्याचं बळ वाढत नाही, दुःख वाढतं. कुळ उघड करायचंच असेल तर ते असं करावं.

तरी एक गोष्ट राज कॉमिक्सनं चांगली केली. नवा जन्म सांगताना जुना अंक नाहीसा केला नाही. तो पुन्हा पुन्हा छापला जात राहिला. १९०६ मध्ये आपल्या नाशिक जिल्ह्यात जोगलटेंभीला क्षत्रप नहपानाच्या तेरा हजारांवर चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. त्यातल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीनं आपला छाप मारून घेतलेला होता. नाणं वितळवलं नाही, त्यावरच नवा ठसा उमटवला. म्हणून त्यातल्या कित्येक नाण्यांवर नव्या चिन्हाखाली नहपानाचा चेहरा अजून दिसतो, आणि कोण हरलं, कोण जिंकलं, हे इतिहासकाराला त्या एका नाण्यावर वाचता येतं. नागराजचे दोन जन्म मी तसेच वाचतो, वरचा ठसा आणि खालचा चेहरा दोन्ही मिळून. मला खालचा जास्त प्रिय आहे.

७. सगळं एकदम दुरुस्त करायला जाऊ नये

अमेरिकेत डीसी कंपनीनं १९६१ मध्ये दोन वेगळ्या पृथ्वींवरचे 'फ्लॅश' नावाचे दोन नायक एकत्र आणले आणि तिथून पृथ्वींची संख्या वाढत गेली. हिशेब हाताबाहेर गेला तेव्हा १९८५-८६ मध्ये बारा अंकांची मोठी मालिका काढून सगळी विश्वं एकत्र करण्यात आली, सुपरमॅन पहिल्यापासून सुरू केला गेला. जुळवाजुळव टिकली नाही. १९९४ मध्ये पुन्हा दुरुस्ती, २००५ मध्ये पुन्हा, २०११ मध्ये तर बहुतेक मासिकं पुन्हा क्रमांक एकपासून. प्रत्येक सफाईनंतर नव्या विसंगती तयार झाल्या, आणि ज्यांनी जुन्या गोष्टींवर जीव लावला होता त्यांना सांगण्यात आलं की ते घडलंच नव्हतं.

याच्या अगदी उलट काम पुण्यात झालं. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरानं १९१९ मध्ये महाभारताची चिकित्सक आवृत्ती हाती घेतली आणि ती १९६६ मध्ये पूर्ण झाली. विष्णु सीताराम सुखटणकर आणि त्यांच्यानंतरच्या विद्वानांनी १२५९ हस्तलिखितं ताडून पाहिली. काश्मीरचा पाठ एक सांगतो, दक्षिणेचा दुसरा. त्यांनी जो पाठ जास्त जुना आणि सर्वांत मिळणारा तो वर छापला आणि उरलेले सगळे पाठभेद त्याच पानाच्या तळाशी दिले. मोठे प्रसंग परिशिष्टात ठेवले. काहीही फेकून दिलं नाही. विसंगतीशी वागण्याची यापेक्षा सभ्य रीत मला माहीत नाही, आणि ती आपल्याच माणसांनी घालून दिली आहे.

८. चित्रकाराचं नाव लिहून ठेवावं

सुपरहिरोचं नाव सगळ्यांना पाठ असतं, काढणाऱ्याचं कुणालाच नसतं. प्रताप मुळीक यांनी नागराज काढला, अमिताभ बच्चन यांच्यावर बेतलेला सुप्रीमो काढला, आणि अमर चित्रकथेतला शिवाजीही काढला, ज्याचं लेखन फास्टर फेणेच्या भा. रा. भागवतांचं होतं. भोकालच्या चित्रांमागे दिलीप कदम होते. इंद्रजालच्या सुरुवातीच्या मुखपृष्ठांमागे बी. गोविंद यांचा हात होता. हिंदी सुपरहिरोंच्या जगात मराठी चित्रकारांचा वाटा किती मोठा आहे, हे आपल्याकडे क्वचितच बोललं जातं. विसंगती तपासायला बसलो नसतो तर मलाही ते कळलं नसतं. अमुक अंकापासून नागराजचा चेहरा का बदलला, या प्रश्नाचा माग काढतानाच मी श्रेयनामावली वाचायला लागलो. अनुवादकांची नावं तर आणखी दुर्लभ. मराठी वेताळाच्या तोंडी इतकी सरळ, ठसठशीत भाषा ज्यांनी घातली त्यांचा शोध मी अजून घेतो आहे.

इंद्रजाल १९९० मध्ये बंद झालं. रद्दीच्या दुकानांत आणि जुन्या पुस्तकवाल्यांकडे मला इंग्रजी आणि हिंदी अंक पुष्कळ मिळाले, मराठी फार कमी. सिडको, पवननगर, पाथर्डी फाटा, पंचवटी, नाशिकरोड, कुठेही तुमच्या माळ्यावर किंवा ट्रंकेत मराठी इंद्रजालचे अंक पडलेले असतील तर ते वजनावर देऊ नका. फाटलेले असले, मुखपृष्ठ गेलेलं असलं तरी चालेल. अंकाचा क्रमांक, गोष्टीचं नाव आणि आत कुणाचं नाव छापलेलं असेल तर ते एका कागदावर लिहा, अंक कोरड्या जागी ठेवा आणि जवळच्या वाचनालयात ते घेतील का, हे एकदा जाऊन विचारा.